फोनमधलं रान

मी जिंदगीभर पत्रा कापला. चाकूरच्या बाजारात आमचं कोठ्यांचं दुकान. धान्याच्या कोठ्या, पिठाचे डबे, घंघाळी. गिऱ्हाईक कोठी घेऊन निघालं की खिळ्यानं ठोकून ठोकून झाकणावर त्याचं नाव घालून द्यायचो, ठिपक्या-ठिपक्याचं. नाव घातलं की कोठी त्याची. मग त्यानं तिच्यात ज्वारी भरावी, गहू भरावा, नाही तर कोंबड्या कोंडाव्यात. मी कधी कुणाच्या घरात परत शिरलो नाही, की बाबा, ही कोठी आता मी बंद करून राहिलो, तुझं धान्य ओत बाहेर. तसं केलं असतं तर लोकांनी मला माझ्याच दुकानासमोर चपलेनं हाणलं असतं.

माझ्या बायकोच्या बाबतीत काही लोकांनी हेच केलं. त्यांना कुणी हाणत नाही. ते कुठं बसतात तेच कुणाला ठाऊक नाही. म्हणून लिहायला बसलो. शाळा मी लवकर सोडली, तेव्हा शुद्ध-अशुद्ध मला विचारू नका.

बायको मुखेडकडची, शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन आली ती पत्र्यात. आम्हाला रान नाही, कधी नव्हतंच. दुकानाच्या मागं दोन खोल्या, खाली शहाबादी फरशी. फरशीत काय पेरणार? तिनं फुटक्या डब्यांत कोथिंबीर लावली आणि मला टोमणे मारले. "माझ्या बापानं पत्र्याशी लावलं माझं लगीन," म्हणायची. "ह्या घरात पेरलं तर खिळे उगवतेत."

पोरगा पुण्याला आहे. फोनवर खेळायचे खेळ असतात, तसल्या एका कंपनीत आहे. खेळणाऱ्या लोकांच्या तक्रारी ऐकायचं काम. त्यानं आईला, तो तिला अव्वा म्हणतो, फोन घेऊन दिला आणि त्यात शेतीचा एक खेळ टाकून दिला. त्याच्या कंपनीचा नव्हे, दुसऱ्याच कुणाचा. आधी ती हसली. मग तिला त्याचं याड लागलं.

दुपारी जेवणं झाली की भिंतीला टेकून बसायची. फोनमध्ये कुंपण, विहीर, पांढऱ्या तोंडाची गाय. पेरायचं, पाणी द्यायचं, काढायचं. दोन-चार दिवस पाणी नाही दिलं की पीक वाळायचं.

"ज्वारी कुठं हाय ह्याच्यात?" पहिल्याच दिवशी विचारलं तिनं.

ज्वारी नव्हतीच. स्ट्रॉबेरी होती, भोपळा होता, एक निळं झाड होतं. "ज्यानं केलं त्याला भाकर ठाऊक न्हाई," म्हणाली, आणि भोपळा लावला.

मी चहा मागितला की, "अव्ह, जरा दम धरा, भोपळा काढून राहिले."

"तो भोपळा खायला मिळणार हाय का?"

"तुमच्या कोठीत काय खायला मिळतंय? रिकामीच तर विकता!"

दुकानातली गिऱ्हाइकं हसायची.

तिच्या धाकट्या बहिणीच्या फोनमध्येही तोच खेळ. ती मुखेडातच दिलेली. दोघींची रानं खेळात शेजारी-शेजारी, बांधाला बांध. खऱ्या जगात बहिणी-बहिणींचा बांध कुठं लागतो? लग्न झालं की माहेरच्या मातीवरून बाईचा हात उठतो. भाऊ साडी नेसवतात, सही घेतात. हिचीही घेतली. हिथं मात्र कुंपणावर पाटी होती आणि पाटीवर हिचं नाव. मला दाखवायची. "वाचा. माझ्या नावावर हाय हे." मी हसायचो. पण पाटी मीही दोन-तीनदा वाचली.

मग तिला साखरेनं धरलं, मूत्रपिंडं गेली. लातूरच्या दवाखान्यात हाताला सुया लावलेल्या असताना बहिणीला सांगायची, "ये, विहिरीकडच्या वाफ्याला पाणी दे गं." बहीण बोट फिरवायची. ही बघत बघत झोपायची. तिथंच ती गेली.

आम्हा लिंगायतांत जाळत नाहीत. माणसाला बसवून मातीत देतात. हातात इष्टलिंग, भोवती विभूती, बेल, मीठ. तिला बसवलं तेव्हा बहीण पुढं आली आणि तिनं बायकोचा फोन तिच्या पदराखाली मांडीवर ठेवला.

"हे काय?" जंगमस्वामींनी विचारलं.

"रान हाय तिचं, स्वामी."

स्वामींनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ज्याचं ते त्याच्यापाशी, एवढंच मला कळत होतं. स्वामींनी विभूती टाकली आणि पुढं चालू केलं.

काही दिवसांनी बहिणीचा फोन आला. ती मला भावजी म्हणते.

"भावजी, अक्काचं रान वाळलंय."

"वाळणारच. पाणी कोण देतंय?"

"शेजारणीला दिवसाला एकच वाफा भिजवता येतंय. मी भिजवते, तवर बाकीचे वाळतेत." मग म्हणाली, "आणि फोन सांगून राहिला, तुमची मैत्रीण लई दिवस आली न्हाई, तिला बोलवा. बोलवलं की तुम्हाला बक्षीस. खाली बटण हाय."

"दाबलं का?"

"भाकरी टाकायच्यात अजून," ती म्हणाली.

"दाबलं का, म्हणतो मी?"

"दाबलं, भावजी," म्हणाली आणि रडायला लागली.

तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे. गावात माणूस गेलं तर आठ दिवस शेजारी मोठ्यानं रेडिओ लावत नाही. आणि हे मेलेल्या बाईच्या बहिणीला रोज सांगतात, तिला बोलव, खाऊ देतो. माझा पोरगा म्हणतो, हे माणूस करत नाही अप्पा, मशीन आपोआप करतं. मशीनला कुणीतरी शिकवलं ना, की माणसं परत कशी ओढायची? मग माणूस मरतं, हे शिकवायला काय झालं होतं?

पुढच्या आठवड्यात खेळानं नवा हुकूम काढला. जे लई दिवस आले नाहीत त्यांची रानं महिनाअखेर मोकळी करणार. पाटी जाणार, विहीर जाणार, सगळं. वाचवायचं असेल तर मालकानं एकदा येऊन जावं. मालकानं!

मी पोराला फोन लावला. म्हणालो, "तुझ्या आईचं रान मोडून राहिलेत. माझ्या फोनात उघडून दे."

"नंबर तिचा आहे, अप्पा. दुसऱ्या फोनात उघडायचं तर तिच्या नंबरवर ओटीपी जातो."

"मग बघ ना तो."

"अप्पा, तो फोन..." म्हणाला, आणि थांबला.

फोन कुठं होता ते त्याला ठाऊक होतं. खड्ड्यात माती टाकायला तोही होता.

"ते रान ठेवलंय कुठं त्यांनी?" मी विचारलं.

"सर्व्हरवर. क्लाउडवर असतं सगळं."

"म्हंजे?"

"म्हणजे... ढगात समजा."

"मराठवाड्यातल्या माणसाला तू ढगावर भरवसा ठेव म्हणून सांगून राहिला?"

तो हसला नाही. म्हणाला, "अप्पा, खरं सांगू का? ते अव्वाचं नव्हतंच. कंपनीचंच असतं. आपल्याला फक्त वापरायला देतात. सुरुवातीला 'मान्य' म्हणून दाबावं लागतं, त्यात सगळं लिहिलेलं असतं."

"तिनं कधी मान्य केलं? तिला इंग्रजी येत होतं का?"

"कुणीच वाचत नाही ते."

"मग लिहिता कशाला? तुमच्या कंपनीत पण असंच करतेत का रे?"

"करतात, अप्पा."

मी फोन ठेवला. पोरगा वाईट नाही. पण मी त्याला पत्र्यावर बसवलं नाही, शिकवलं, की ह्याला इज्जतीचं काम मिळावं. आणि हा लोकांच्या रानातून लोकांना उठवणाऱ्यांच्या दारात बसून तक्रारी ऐकतो. दुसऱ्या दिवशी त्यानंच माझ्या वतीनं त्या कंपनीला इंग्रजीत लिहिलं. आई वारली, वडिलांना तिचं शेत ठेवायचं आहे. उत्तर लगेच आलं, इतक्या लगेच की कुणी वाचलं असणंच शक्य नाही. पोरानं मराठीत सांगितलं. तुम्हाला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. खेळाचा आनंद घेत राहा.

गैरसोय! बस चुकली की गैरसोय होते.

मग मी मोबाइलच्या दुकानात गेलो. म्हटलं, हा नंबर परत काढून दे.

"कुणाच्या नावावर हाय, काका?"

"बायकोच्या."

"मग काकूंना आणा. अंगठा लागतो त्यांचा."

"वारली ती."

"अरेरे. मग दाखला द्या, नंबर बंद करून देतो."

"बंद न्हाई, चालू करायचाय."

"चालू करायला अंगठा लागतो, काका." दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या फोनला काच चिकटवत तो म्हणाला, "त्यापेक्षा जुना फोनच आणा ना. सिम आतच असेल."

"फोन मातीत हाय."

"मग काढा की. पुसून घेऊ, तांदळात ठेवू. होतात चालू कधीकधी."

त्याला वाटलं परसात कुठं पडला असेल. मी दुकानातून निघालो. घरी येईपर्यंत मात्र त्याचं ते 'काढा की' डोक्यात वाजत होतं. खोटं कशाला सांगू, वाटेत उभा राहून मी विचार केला. जागा ठाऊक, कुदळ दुकानात. आणि तिथंच मला माझी शिसारी आली. बाई बसलीय. हातात लिंग घेऊन शिवापाशी बसलीय. आणि एका खेळाच्या कंपनीला ओटीपीचा अंक पाहिजे म्हणून मी तिला उठवू? ह्या लोकांनी मला इथपर्यंत आणलं होतं. म्हणून तर माझा राग जात नाही. रानाचं राहू द्या. जिवंत माणसाला मेलेल्याची माती उकरायचा विचार करायला लावतात, आणि वर खेळाचा आनंद घेत राहा म्हणतात.

सरकारसुद्धा जमीन घेतं तर नोटीस लावतं. पूर्वी दवंडी द्यायचे. पंच यायचे, रानात उभे राहायचे, मालकाच्या तोंडाकडं बघून बोलायचे. शिव्या खायचे, पण बघायचे. ह्यांनी तोंडच ठेवलेलं नाही.

महिना संपत आला तशी बहीण मुखेडहून एसटीनं आली. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि फोन. दुकानातल्या बाजेवर बसलो. तिनं बायकोचं रान उघडून दाखवलं. मी ती गेल्यापासून बघितलं नव्हतं. सगळं तपकिरी. गाय उभीच होती, तिला उपाशी मरायची सोय ठेवलेली नव्हती. पाटी होती. नाव होतं.

"एक वाफा भिजवता येतंय," ती म्हणाली. "कोणता भिजवू?"

"विहिरीकडचा."

तिनं भिजवला. हिरवा झाला. बाकीचं रान वाळलेलं आणि मधी तेवढा एक भोपळ्याचा वाफा. आम्ही जेवलो. फोन मधे ठेवून जेवलो.

दुपार कलता कलता ते गेलं. आवाज नाही, काही नाही. तिनं परत उघडलं तर नुसतं गवत. वर अक्षरं आली. रिकामी जागा, नवा शेजारी येत आहे.

तिनं फोन बाजेवर आपटला. "काढूनच टाकते मी हे! मुडदा बशिवला ह्यांचा!"

"थांब," मी म्हणालो. "तुझं रान हाय ना अजून?"

"हाय. काय करू त्याचं?"

"तुझ्या कुंपणाला पाटी लावता येती का?"

"येती. कितीबी लावता येत्यात."

"मग अक्काच्या बाजूच्या बांधावर लाव एक."

तिनं पाटी उभी केली आणि अक्षरं लिहायला गेली. मी म्हणालो, दे इकडं. तिनं अक्षरं कुठं आहेत ते दाखवलं. माझं बोट काचेला कळेना. पत्र्यानं बोटाची कातडी मेलेली आहे, दाबलं तरी उठत नाही.

"थुंकी लावा," ती म्हणाली. "अक्का तुम्हाला पत्रा म्हणायची ते उगं न्हाई."

"तू गप."

"आणि ऐकून ठेवा भावजी, माझ्या वेळेला फोन बाहेर ठेवा. न्हाई तर परत ह्याच चकरा मारताल."

"तुझ्या वेळेला मी कशाला असतोय?"

"मग आत्ताच शिका नीट."

मी बोट ओलं केलं आणि एकेक अक्षर दाबलं. खिळ्यानं नाव घालताना दाबायचो तसं, प्रत्येक ठिपक्याला थांबून. बायकोचं नाव आणि खाली, हिचं रान. तेवढंच मावलं.

नवा शेजारी आला म्हणे नंतर. कुठला कोण, त्यानं निळी झाडं लावली आहेत. पाटी अजून आहे, बहीण रोज बघून सांगते. उद्या हेही त्यांच्या कुठल्या तरी नियमात बसणार नाही आणि पुसतील. पुसू देत. बोट आता काचेला कळायला लागलंय. परत घालीन.