दुसऱ्या रिळातलं फ्रेंच

पडद्यावर फ्रेंच अक्षरं उमटली तेव्हा शनिवारचे साडेबारा वाजले होते, आणि शो अडीचचा होता.

शोआधी प्रत्येक रिळाची सुरुवात चालवून फोकस आणि आवाज बघायचा, ही आमची पद्धत. पहिलं रीळ ठीक होतं. दुसरं लावलं. माणसं स्वाहिलीत बोलत होती, ते अपेक्षितच होतं. खाली सबटायटल्स मात्र इंग्रजी हवी होती, ती फ्रेंच होती. घाईघाईनं तिसरं लावून पाहिलं. त्यात पुन्हा इंग्रजी. म्हणजे मधला अर्धा तास तेवढा फ्रेंच. आणि 'इंग्लिश सबटायटल्स, सर्व रिळे' असं लिहिलेल्या प्रिंट रिपोर्टवर सही माझी होती.

प्रिंट म्हणजे फिल्मची थिएटरात दाखवायची कॉपी. लग्नाआधी सहा वर्षं मी मुंबईच्या एका लॅबोरेटरीत प्रिंटा तपासल्या. मग ह्यांना लेस्टरच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, मी मागोमाग आले, आणि ऐंशीच्या दशकात इथल्या एका आर्ट्स सेंटरच्या छोट्या सिनेमात मला तेच काम मिळालं, जोडीला प्रोजेक्टर चालवायचंही. प्रिंट आली की रिवाइंड बेंचवर चढवायची, सुती हातमोजा घालायचा आणि फिल्मची कड अंगठा आणि बोटामधून सरकू द्यायची. भोक फाटलं असेल, जोड सुटत असेल, तर बोटाला आधी कळतं. डोळ्यांना फारसं काम नसतं. माझ्या बोटांचा मला भारी गर्व होता. गुरुवारी तिन्ही रिळं बोटांनी तपासली, पहिल्यातल्या चार फ्रेम्स दिव्यावर धरून इंग्रजी पाहिलं आणि दिलं ठोकून, सर्व रिळे.

फिल्म मोंबासाची होती. बंदरावरची एक मासेवाली विधवा नवऱ्याची होडी परत मिळवायला एका कारकुनाशी भांडते, एवढीच गोष्ट. बनवणारे मिस्टर ओमारी शाळामास्तर. सुट्ट्यांमध्ये शूटिंग करत चार वर्षांत त्यांनी ती पुरी केली होती. गावातल्या दोन परदेशी सांस्कृतिक केंद्रांत ती दाखवली गेली, पुढे कुठेच नाही. आमच्या आफ्रिकन फिल्म्सच्या सीझनसाठी त्यांनी ती पाठवली, सोबत पत्र होतं. 'शाळेतून रजा मिळत नाही. लंडनच्या बाई तुमच्याकडे बघायला येणार आहेत. त्यांनी घेतली तर मी दुसरी फिल्म करीन. नाही घेतली तर ही शेवटची.'

लंडनच्या बाई म्हणजे मिस हार्ग्रीव्ह्ज. एका टेलिव्हिजन कंपनीसाठी त्या परदेशी फिल्म्स विकत घ्यायच्या. त्यांच्याकडे ही एकच दुपार होती.

मी खाली जाऊन डेरेकला सांगितलं. डेरेक आमचा मॅनेजर, पक्का लेस्टरचा, कधी आवाज न चढवणारा माणूस.

"सही कुणाची आहे?" त्यानं विचारलं.

"माझी."

"हं." त्याला तेवढं पुरलं. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"कॅन्सल करू या," तो म्हणाला. "अर्धी समजलेली फिल्म दाखवण्यापेक्षा न दाखवलेली बरी."

"त्या पुन्हा येतील?"

"नाही."

मग फ्रेंच जाणणारा माणूस शोधायचा ठरलं. डेरेकनं युनिव्हर्सिटीतल्या एका लेक्चररला फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्याला लावला, तो फुटबॉल मॅचला गेलेला. शनिवारी दुपारी या देशात कुणी घरी सापडेल तर शपथ. मी नुसती हात चोळत बसले होते. आणि एकदम माझी मलाच लाज वाटली. फिल्म बोलते स्वाहिली. आम्ही ती फ्रेंचमधून इंग्रजीत आणायला निघालो होतो, आणि तेही लेस्टरमध्ये, जिथे बेलग्रेव्ह रोडवरच्या निम्म्या दुकानांत आफ्रिकेतून आलेला गुजराती मालक नोकराला स्वाहिलीत रागावतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"डेरेक, मला गाडीनं बेलग्रेव्ह रोडला सोड," मी म्हटलं.

कांताबेनचं साड्यांचं दुकान. माझ्या निम्म्या साड्या तिथल्या. त्यांचा जन्म मोंबासाचा. स्वातंत्र्यानंतर तिथे भारतीयांच्या दुकानांची लायसन्सं रिन्यू होईनात म्हणून सगळं कुटुंब साठच्या दशकाच्या शेवटी इकडे आलं. आम्ही दोघी गुजराती, मराठी आणि हिंदीची खिचडी करून बोलायचो. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. मी काउंटरपाशीच सगळं सांगून टाकलं.

"शनिवार आहे, सुनंदाबेन," त्या म्हणाल्या.

"ठाऊक आहे. पण चूक माझी आहे आणि फिल्म त्या मास्तरांची बुडेल."

"मासेवाली म्हणालात?" त्यांनी हातातली साडी घडी करून ठेवली. "आमचं दुकान मासळीबाजाराच्या तोंडाशीच होतं. मासे कधी खाल्ले नाहीत. शिव्या मात्र सगळ्या ऐकल्यात." आणि सुनेला हाक मारून त्यांनी पर्स उचलली.

गाडीत डेरेकनं मला हळूच विचारलं, "इंग्लिश कसं आहे त्यांचं?"

मागून कांताबेननीच उत्तर दिलं. "अकरा वर्षं हॉजिअरी फॅक्टरीत होते, मि डक."

'मि डक' हे लेस्टरचं खास संबोधन. शब्दशः 'माझ्या बदका', पण म्हणतात ते आपल्याकडच्या 'राजा'सारखं, बाईलाही आणि बाप्यालाही.

"म्हणजे माझ्या आईसारखं," डेरेक म्हणाला. तो त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

दीड वाजता रिकाम्या हॉलमध्ये त्यांना दुसरं रीळ एकदा दाखवलं. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. दिवे लागल्यावर म्हणाल्या, "फ्रेंचमध्ये काय लिहिलंय देव जाणे. ही बाई बोलते ते लिहिण्यासारखं नाही."

"जरा सभ्य ठेवा हं," मी म्हटलं.

"बघते."

अडीचला हॉल भरला. डेरेक माफी मागायला निघाला होता, मी त्याला थांबवलं. प्रोजेक्शनवाल्यांनी भिंतीमागे राहायचं असतं. मी कधीच पडद्यासमोर उभी राहिले नव्हते. पण सांगितलं. "प्रिंट मी तपासली. सबटायटल्स वाचली नाहीत. दुसऱ्या रिळात ती फ्रेंच आहेत. तेवढा वेळ या बाई तुम्हाला सांगतील." तिसऱ्या रांगेत मिस हार्ग्रीव्ह्जनी वहीत काहीतरी लिहिलं. माझंच मरण लिहितायत, असं मला वाटलं.

पहिलं रीळ इंग्रजी सबटायटल्सवर शांतपणे पार पडलं. कुणी हललं नाही, कुणी हसलं नाही. रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो, त्यावर दुसरा प्रोजेक्टर सुरू करायचा. ठिपका दिसला, मी बदल केला, फिल्मचा आवाज थोडा उतरवला. खाली कडेच्या खुर्चीत कांताबेननी माइक हातात घेतला.

कारकून होडीचे कागद मागत होता. विधवा बोलली. एक क्षण गेला आणि कांताबेनचा आवाज आला. "ती म्हणते, मि डक, माझ्या नवऱ्याला समुद्रानं नेलं तेव्हा समुद्रानं कागद मागितले नव्हते."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागच्या रांगेतून हसू फुटलं आणि हॉलभर पसरलं. पुढचा अर्धा तास त्या बाईनं हॉल तळहातावर घेतला. कारकुनाला नाकात बोलायला लावलं, सासूला फॅक्टरीतल्या सुपरवायझरसारखं. शिव्यांना त्यांनी लेस्टरच्या शिव्या शोधल्या होत्या. सभ्य वगैरे काही ठेवलं नव्हतं. रिळाच्या शेवटी कारकून विधवेला गाव सोडायला सांगतो. ती म्हणते, "मी इथलीच आहे. जा म्हणणारे तुम्ही कोण?" कांताबेननी ते वाक्य दोनदा सांगितलं. फिल्ममध्ये ती एकदाच म्हणाली होती. वर प्रोजेक्शनच्या खोलीत माझे डोळे भरून आले आणि ठिपका चुकता चुकता वाचला.

तिसरं रीळ. इंग्रजी सबटायटल्स परत आली, कांताबेननी माइक खाली ठेवला. दोन मिनिटं झाली असतील. मागून एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "वाचायला काय लावता? त्या बाईंना बोलू द्या."

टाळ्या झाल्या. डेरेकनं दारातून मान हलवली. कांताबेननी माइक उचलला. पडद्यावर लिहिलेलं, 'कृपया मला माझी होडी द्या.' त्या म्हणाल्या, "होडी सोड, नाहीतर तुझ्या खुर्चीसकट तुला बंदरात बुडवीन." मिस हार्ग्रीव्ह्ज एकदा पडदा आणि एकदा कांताबेन असं बघत भराभर लिहीत होत्या.

शो संपल्यावर त्या सरळ आमच्याकडे आल्या. "फिल्म मला हवी," त्या म्हणाल्या. "ही सबटायटल्स नकोत. या बाईंनी नवीन लिहावीत."

डेरेकनं कांताबेनकडे पाहिलं.

"लिहीन," कांताबेन म्हणाल्या. "पण शनिवारी जमणार नाही."

मला इतका आनंद झाला की मी डेरेकला मिठी मारली. तो बिचारा खांबासारखा ताठ उभा राहिला.

सोमवारी मोंबासाला शाळेत ट्रंककॉल लावला. फिल्म विकली गेली हे मिस्टर ओमारींनी मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग फ्रेंचचा उलगडा झाला. तिकडचं एक केंद्र ब्रिटिश, दुसरं फ्रेंच. दोन्हींच्या प्रिंटा एकाच व्हॅनमधून फिरायच्या, डबे सारखेच, त्यात दुसरं रीळ बदललं. म्हणजे तिकडे फ्रेंच प्रेक्षकांना मधला अर्धा तास इंग्रजी वाचावं लागलं असणार. तक्रार कुणी केली नव्हती. मी भीत भीत नव्या सबटायटल्सचं सांगितलं. ते हसायला लागले.

"मॅडम, इंग्रजी मीच लिहिलं होतं. माझे विद्यार्थी वाचतील म्हणून सगळं गाळलं. मास्तर आहे ना."

पुढल्या वर्षी एका रविवारी फिल्म टेलिव्हिजनवर लागली. कांताबेनच्या दुकानात टीव्ही आणून आम्ही सगळ्यांनी पाहिली. शेवटी त्यांचं नाव आलं तेव्हा सून शिट्टी वाजवत होती आणि कांताबेन तिला दटावत होत्या. मिस्टर ओमारींनी दुसरी फिल्मही केली. तिची प्रिंट आली तेव्हा मी ती बेंचवर बोटांनी तपासली, मग तिन्ही रिळं खुर्चीत बसून पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली, आणि मग सही केली. चूक गोड झाली तरी ती चूकच असते, आणि प्रत्येक चुकीला कांताबेन मिळत नाही.