पहिल्या टाकीचं पाणी

डेपोत तिला सगळे पाणीवाली मावशी म्हणत. वीस वर्षांपूर्वी ती गाड्या धुवायला लागली, धुता धुता गाडीखाली शिरली आणि मग तिला तिथून बाहेर काढणं कुणाच्या बापाला जमलं नाही. "बाईमाणसाला हे झेपायचं नाही," असं म्हणणारे मेकॅनिक दोन वर्षांत तिलाच विचारून पाना फिरवू लागले.

तिचं काम ब्रेकच्या हवेचं. मोठ्या गाडीचा ब्रेक हवेवर चालतो. कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो, आणि हवेबरोबर ओलही आत जाते. म्हणून रोज सकाळी टाकीच्या तळाचा कॉक उघडून पाणी काढायचं. बाकीचे ते जमिनीवर सोडून मोकळे होत. मावशी शेवटचे थेंब एका कानतुटक्या पांढऱ्या कपात घेई. स्वच्छ असलं तर ठीक, दुधट असलं तर तेल उतरतंय, तांबूस असलं तर टाकी आतून गंजतेय. कप पाहिल्यावरच ती गेटच्या कागदावर सही करी. त्या सहीशिवाय गाडी बाहेर पडत नसे.

त्या सकाळी घाटातली गाडी गेटात उभी होती. आत साठ माणसं आणि चालकाच्या जागेवर तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा हा सात वर्षांचा होता, त्याचं दप्तर तिनंच भरलेलं. मावशी खाली शिरली. पहिल्या टाकीचा कॉक हलेना. ताज्या काळ्या रंगानं तो चिकटून बसला होता. टाकी रंगवायची ती रंगवायची, पण कॉकसकट? तिनं पान्याच्या टोकानं रंग खरवडला, तर खाली वेल्डिंगची जाडजूड शिवण.

मागच्याच आठवड्यात तिनं तांबड्या पाण्याचा कप डेपोच्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला होता आणि नवी टाकी मागितली होती. साहेबांनी त्याच गंजक्या पत्र्याला वेल्डिंगचा डाग देऊन वर रंग फासायला लावला होता. मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती बाहेर आली, तर साहेब कागद घेऊन गेटातच उभे.

"साहेब, हवेच्या टाकीला डाग देत नाहीत."

"हवेच्या दाबाचा काटा बघ, पुरा आठवर आहे. सही कर."

"म्हणूनच फुटेल. उतारावर फुटली की बाकीच्या टाक्यांत असेल तेवढ्या हवेवर ब्रेक. ती चार वळणांत संपली की मागची चाकं एकदम आवळतील, आणि गाडी घसरून दरीत गेली तर काय करायचं?"

"तुला इंजिनिअर कुणी केलं? सही कर, नाहीतर उद्यापासून घरी बस."

दीर खिडकीतून वाकला. "वहिनी, नोकरी जाईल तुमची. मी हळू नेतो ना."

"तू गप्प बस. तुला काही झालं तर मी घरी कुठल्या तोंडानं जाऊ?"

तिला भीती वाटत होती. तरी ती परत खाली शिरली आणि तिन्ही टाक्यांची हवा सोडून दिली. फुस्सकन आवाज झाला, प्रवासी दचकले. मग पहिल्या टाकीचा कॉक तिनं आट्यांतून पुरता काढला आणि मुठीत धरून बाहेर आली.

इंजिन घरघरत राहिलं. कॉम्प्रेसरची हवा आधी पहिल्याच टाकीत येते, ती येईल तेवढी भोकातून बाहेर. हवा नसली की अशा गाडीची मागची चाकं स्प्रिंगच आवळून धरते, दहा जणांनी ढकललं तरी ती तसूभर हलत नाही. आणि गाडी नेमकी गेटात. तिच्यामागे तेरा गाड्या खोळंबल्या.

"कॉक दे इकडे!" साहेब लालबुंद झाले.

"देते की. तुम्ही पहिल्या बाकावर बसा आणि घाट उतरून या. बसलात की लगेच लावते."

साहेबांनी बाकाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. चढले काही नाहीत. खिडक्यांतून माणसं हे सगळं बघत होती. एकेक करून ती खाली उतरू लागली. दीरानं इंजिन बंद केलं.

आठवडाभर "शिल्लक नाही" असलेली टाकी स्टोअरमधून अर्ध्या तासात निघाली. गाडी अकराला सुटली, कपात पाणी पाहूनच.

दुपारी मावशीला कागद मिळाला. वरिष्ठांचा आदेश मोडून गाडी अडवली, सबब निलंबित. पोच म्हणून खाली सही हवी होती. कारकून बिचारा नजर चुकवत म्हणाला, "मावशी, करायची नसेल तर राहू द्या. घेतला नाही म्हणून लिहितो."

"का नको? पेन आण."

तिनं ठसठशीत सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

"सकाळी मागत होते ती सही खोट्यावर होती. गाडी मीच अडवली, हे खरं आहे."