न भाजलेला हात

गौरी-गणपती तळ्यावर पोचवून आम्ही परत आलो तेव्हा बायजामावशी ओट्यावरच बसली होती. सगळ्यांनी पाय धुतले. आरतीचं रिकामं ताट आत गेलं. मग तिनं उजव्या हाताला गुंडाळलेलं फडकं सोडायला घेतलं. एकेक वेढा काढला आणि हात मांडीवर पालथा न ठेवता उताणा ठेवला.

तळहात स्वच्छ होता. फोड नाही, डाग नाही. रेघांमध्ये सुकी हळद तेवढी बसली होती.

दोन दिवस तो हात भाजलेला होता. निदान आम्हा सगळ्यांना तसंच माहीत होतं.

मी कासू गावची. बायजामावशीचं गडब आम्हाला लागूनच. पण बायजामावशीची आणि माझी ओळख पेणला झाली, गणपतीच्या कारखान्यात. मी सुट्टीत रंगकामाला जायचे आणि ती घासकामाला असायची. साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे ती ओल्या फडक्यानं पुसून असे बुजवायची की जोड कुठं होता ते कारागिरालाही सांगता येत नसे. त्याला सहा वर्षं झाली. वयानं ती माझ्या आजीजवळची. तरी आमची मैत्री झाली. येताना एकाच मिनिडोर रिक्षात बसायचो आणि गडब येईपर्यंत ती बोलत असायची.

तिचं माहेर खाडीकाठचं, मिठागरात काम करणारं. सासर भातशेतीवालं. लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू नव्हती. धाकटा दीर होता, जगन, चार वर्षांचा. पहिल्या रात्री तो तिच्या शालूत शिरून झोपला आणि पुढं सात-आठ वर्षं तिच्याच कुशीत झोपला. हे ती हसत सांगायची. "नवऱ्याआधी मला पोर मिळाला," म्हणायची.

आणि एक गोष्ट ती न हसता सांगायची. तिचा ओवसा झालाच नाही.

आमच्याकडं सूर्य पूर्वा नक्षत्रात असताना गौरी आल्या तरच नव्या सुनेचा पहिला ओवसा होतो. माहेरहून सुपं येतात. त्यात हळदीची पानं, काकडी, नारळ, खारका, खण. सून नटून ती सुपं गौरीपुढं ओवाळते, मग घरातल्या थोरल्या बायकांना एकेक देते. पहिलं सूप सासूचं. त्या वर्षी पूर्वा नसेल तर थांबायचं. पहिला ओवसा झाल्याशिवाय दरवर्षीचा करता येत नाही. बायजामावशीच्या पहिल्या वर्षी पूर्वा नव्हती. दुसऱ्या वर्षी गणपतीच्या तोंडावर सासरे गेले, सुतक आलं. पुढं काही ना काही निघत गेलं. त्यांच्या भावकीत पाच वर्षं उलटली की मग पहिला ओवसा घेत नाहीत. चाळीस वर्षं ती दुसऱ्यांच्या सुनांची सुपं भरून देत होती. स्वतः एकदाही गौरीपुढं उभी राहिली नाही.

तिची सून पूजा. तीन वर्षांपूर्वी लग्न करून आली. पहिल्या वर्षी पूर्वा नाही. दुसऱ्या वर्षी भावकीत बाळ जन्मलं, सोयर आलं. यंदा पूर्वा होती. पुढच्या वर्षी नव्हती. बायजामावशीनं आषाढातच बुरुडाकडं सुपं सांगितली. माहेरची पाच येणारच होती, तरी हिची वेगळी पाच. जगन गुजरातेत कंपनीत होता. एकटाच राहायचा, लग्न केलं नव्हतं. त्याला रजा मिळाली नाही, म्हणून त्यानं पूजासाठी हिरवा शालू कुरिअरनं पाठवला. रविवारी गौरी आल्या. संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. ओवसा किती वाजता, एवढंच त्यानं दोनदा विचारलं. त्याला पाठवायचा व्हिडिओ काढायचं काम माझ्याकडं आलं.

सोमवारी सकाळी मी पोचले तर बायजामावशी ओट्यावर, हाताला फडकं. तव्यावर हात पडला म्हणाली. मी बघू म्हटलं तर हात मागं घेतला. "हळद लावलीय. तू आत जा, पूजाला मदत कर. मला शिवू नको, दुखतं."

त्या दिवशी ती घरात पाऊल टाकेना. ओट्यावरून सांगत राहिली. नारळ कुठं, समई कुठली, सुपाला दोरा किती वेढे. दिवा पूजानं लावला. नैवेद्याचं पान मी वाढलं. मावशीला जेवायला बोलावलं तर म्हणाली, जेवणावर जीव नाही. मला वाटलं, दुखतंय. हौसाकाकी, म्हणजे भावकीतली तिची थोरली जाऊ, येता-जाता बोलत होती. सुनेच्या ओवशाला हात भाजून घ्यायचा, हे बरं जमलं म्हणाली. बायजामावशी एरवी उलटून दोन शब्द जास्त ऐकवते. त्या दिवशी तिनं मानही वर केली नाही.

दुपारी पूजा हिरवा शालू नेसून उभी राहिली. तेरड्याच्या गौरीला मुखवटा, नथ, हार. घर बायकांनी भरलं. पूजानं सगळी सुपं ओवाळली. मी व्हिडिओ काढत होते. मग ती पहिलं सूप घेऊन ओट्यावर आली आणि सासूपुढं वाकली.

बायजामावशीनं हात पुढं केले नाहीत. ती बसल्या जागी मागं सरकली.

"माझं सूप गवरीफुडं ठेव. पाया नको पडू."

हौसाकाकी लगेच पुढं झाली.

"सून पसंत नाय वाटतं, बायजे? का स्वतःचा झाला नाय म्हणून तिचाबी नको?"

पूजाचे डोळे भरले. ती तशीच सूप घेऊन उभी. मला बायजामावशीचा राग आला. खरंच आला. तीन वर्षं थांबलेली मुलगी, आणि हिला एक हात पुढं करता येत नाही. डावा तर धड होता. मी व्हिडिओ बंद केला.

सूप गौरीपुढं राहिलं. बाकीची वाटली गेली. संध्याकाळी निघताना मी तिचा नीट निरोपही घेतला नाही.

मंगळवारी विसर्जनाला ती तळ्यावर आली नाही. आणि परतल्यावर तिनं फडकं सोडलं.

महिपतीकाका, तिचे नवरे, बाजूलाच टॉवेलनं पाय पुसत होते. त्यांनी हात पाहिला. काय ते त्यांना कळलं नाही. आम्हा कुणालाच कळलं नाही.

"आता ऐका," ती म्हणाली. "जगन गेला. काल पहाटे. हार्टचं झालं. रितेशनं फोन केलेला."

रितेश म्हणजे जगनच्या खोलीतला जोडीदार.

कुणी रडलं नाही. रडायला आधी समजावं लागतं. आदेशनं, तिच्या मुलानं, दोनदा विचारलं, काल म्हणजे कधी. ती दोन्ही वेळा म्हणाली, काल पहाटे, मी एकटी उठलेले तवा. मग सगळं सरळ सांगितलं. सुतक ऐकल्यापासून लागतं. ऐकलं तिनं एकटीनं. म्हणून ती एकटी बाहेर बसली. कशाला शिवली नाही, कुणाला शिवू दिलं नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर पूजेला बसलेल्या माणसाला उठावं लागलं असतं. भावकीची सगळी घरं, सगळ्यांचे गणपती तसेच तळ्यात गेले असते. आणि ओवसा गेला असता. रितेशला तिनं सांगून ठेवलं होतं, उद्या संध्याकाळी माणसं निघतील, तोवर त्याला नीट ठेव.

नीट म्हणजे हॉस्पिटलच्या थंड पेटीत. छत्तीस तास.

मी तिच्या समोर उभी होते. दीड दिवस मी त्या घरात आरत्या म्हटल्या होत्या. शिरा खाल्ला होता. कालच्या व्हिडिओत सगळ्या बायका हसत होत्या, आणि कोपऱ्यात, ओट्याच्या दारातून, तिची पाठ दिसत होती.

महिपतीकाका टॉवेल खाली ठेवून बोलले. आवाज चढला नव्हता.

"माझ्या भावाचं तोंड बघायला तू मला दीड दिवस उशीर केलास."

"व्हय," ती म्हणाली.

पूजा तोवर दारात आली होती. तोच शालू अंगावर होता, जगनचा. तिनं पदर बघितला आणि तो धरूनच खाली बसली. "मला सांगायचंत आई. मी ओवसा सोडला असता."

"म्हणून तर नाय सांगितलं."

माणसं जीप ठरवायला पळाली. आदेशला रितेशचा नंबर हवा होता. मावशीला वाचता येत नाही. तिनं फोन माझ्याकडं दिला, जमिनीवर ठेवून, हातात नव्हे. आता घरचे सगळेच सुतकातले होते, पण मी त्या घरची नव्हते. त्याही वेळी तिला ते सुचलं.

मी नंबर शोधायला आलेल्या-केलेल्या फोनची यादी उघडली. सोमवारी पहाटे रितेशचा फोन, चार मिनिटं. त्याच्यानंतर इथून केलेले फोन. सगळे एकाच नंबरला. जगनच्या. सोमवारी सकाळी, दुपारी ओवशाच्या थोडं आधी, ओवशाच्या लगेच नंतर, संध्याकाळी, मंगळवारी पुन्हा. मी सतरापर्यंत मोजले. एकही उचललेला नव्हता. त्याचा फोन बंदच असणार.

रितेशचा नंबर मी आदेशला वाचून दाखवला. बाकीचं मी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

बुधवारी दुपारी जगनला गडबला आणलं. बायजामावशी तेव्हा रडली. तिचं रडणं कासूला ऐकू गेलं असेल. त्याच्या गालाला ती पुन्हा पुन्हा हात लावत होती आणि एकच म्हणत होती, गार पडला गो, माझा पोर गार पडला. मला तिथं थांबवेना. मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले.

तेराव्यानंतर भावकी बसली. विषय एकच, पूजाचा ओवसा धरायचा की नाही. शेवटी हौसाकाकीच बोलली, असं मला पूजानं सांगितलं. ऐकलं बायजीनं, फेडलं बायजीनं, पोरीला कशाला मधी घेता, म्हणाली. ओवसा धरला गेला. आता पूजा दरवर्षी करू शकते, पूर्वा असो नसो.

मी दसऱ्याच्या आसपास गेले. महिपतीकाका ओट्यावर होते, मावशी आत. ते तिच्याशी अजून बोलत नाहीत. चहा हवा असला तर पूजाला सांगतात. मी तिला विचारायचं ठरवून गेले होते. असं कसं जमलं तुला, हे. किंवा असं कसं केलंस. दोन्हीपैकी कुठलं विचारायचं ते वाटेत ठरलं नव्हतं, आणि तिथंही ठरलं नाही.

भिंतीला खिळ्यावर ते सूप होतं. गौरीपुढं राहिलेलं. दोऱ्याचे वेढे तसेच, हळदीची पानं वाळून कडक झालेली. पूजा म्हणाली, दोनदा खाली काढून आईंपुढं ठेवलं. त्यांनी परत अडकवलं.

मावशी कुळीथ निवडत होती. माझं बघणं तिच्या लक्षात आलं.

"ते माझ्या हातात यायचं नव्हतं," ती म्हणाली. "तिच्या हातातून गेलं ना, बास."

मग तिनं उजव्या हातानं मूठभर कुळीथ उचलले, फुंकर मारली, आणि पुन्हा निवडायला लागली.