बाबांचा मेन स्विच

आमच्या घरात भूत, भानामती हे शब्दच चालत नाहीत. असलं काही कुणी बोललं की बाबा "आधी पुरावा दाखव" म्हणून उडवून लावायचे. मी त्यांचीच मुलगी... त्यामुळे हे लिहिताना जरा चोरट्यासारखं वाटतंय.

डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनच्या बाजूला आमची जुनी बिल्डिंग. घरातलं वायरिंग बाबांनी स्वतः केलेलं, ॲल्युमिनियमचं. ही तार तापून-निवून स्क्रूमधून सैल होते. म्हणून दरवर्षी जयंतीची निळी तोरणं गॅलरीत लावण्याआधी बाबा सगळे बोर्ड उघडून स्क्रू आवळायचे. सुरुवातीला हाक द्यायचे, "मेन बंद करतोय गं!" आणि आतून आई म्हणायची, "हो, करा!"

बाबा गेल्यावर स्क्रू कुणी आवळलेच नाहीत. आईच्या उशाजवळचा बोर्ड गरम लागायचा. तांब्याचं वायरिंग करून घेऊ म्हणून मी मागे लागले, पण आई ढिम्म. "ह्यांच्या हातचं आहे, राहू दे." माझा जीव टांगणीला.

गेल्या वर्षी जयंतीच्या आधीचा रविवार. भर दुपारी मी हॉलमध्ये लादीवर आडवी झालेले. पडद्यातून पिवळा उजेड, पंख्याची घरघर, डोळे अर्धवट मिटलेले... आई आत कूलर लावून झोपलेली. आणि आतून तिचा झोपाळू आवाज आला —

"हो, करा!"

खटॅक. पंखा हळूहळू थांबला.

खरं सांगते, भीती नाही वाटली. लहानपणी वाटायचं तसं निर्धास्त वाटलं. मग जळका वास आला आणि मी आत धावले. उशाजवळच्या बोर्डातून धूर येत होता. आईला उठवून बाहेर आणलं. हॉलमधल्या मेनचा लोखंडी दांडा खाली, म्हणजे बंद केलेला होता. तो इतका घट्ट आहे की मला दोन्ही हात लावावे लागतात.

"ताई, मेन चालू राहिला असता तर गादीच पेटली असती," वायरमन म्हणाला. "बंद कोणी केला?"

फ्यूज शाबूत होता. घरात आम्ही दोघीच. आईला तर आपण काही बोललो हेही आठवत नव्हतं. बाबांनी पुरावा मागितला असता, तर मी तो खाली आलेला दांडाच दाखवला असता.

त्यानंतर आईनेच तांब्याच्या तारा घालून घेतल्या. मेनचा नवा बोर्डही बसला.

यंदा जयंतीच्या आधी बघते तर त्या बोर्डाखाली स्टूल.

"आई, हे काय गं?"

आई तोरणांचा गुंता सोडवत होती. वर न बघताच म्हणाली, "वायरमनने बोर्ड फार वर लावलाय. ह्यांचा हात पोचायचा नाही."

मी स्टूल उचललं नाही.