मालकाचा खुराक

पगार घेऊन मी पहिल्यांदा माणसाला मारलं, तेव्हा माझं वजन बहात्तर किलो होतं. शेवटचं मारलं तेव्हा एकशे अठरा. मधली दहा-अकरा वर्षं मी आर्वीच्या एका जिनिंग कारखान्याच्या फाटकावर काढली.

मूळ गाव गिरडजवळ. शेती भाऊ बघायचे आणि मी आखाड्यात असायचो. आणीबाणीच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. उरुसाच्या दंगलीत मी एका पैलवानाला चीत केलं, तर त्याचा भाऊ चिडून मातीत उतरला आणि अंगावर आला. मी डोक्याने त्याचं नाक फोडलं. दंगल बघायला एक जिनिंगवाला आला होता. त्याने दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून मला बोलावलं आणि नोकरी दिली. पुढे त्यानेच मला सांगितलं की कुस्तीत त्याला काही कळत नव्हतं, त्याला ते फुटलेलं नाक आवडलं होतं.

नोकरीच्या अटी दोन. जेवण मालकाच्या रसोड्यातून, आणि आखाडा बंद. आखाड्यात हातपाय मोडून घेतले तर फाटकावर कोण बसणार, असं त्याचं म्हणणं. मी हो म्हटलं. घरी दूध चहापुरतं असायचं. इथे सकाळी दोन शेर दूध, त्यात तूप, दुपारी शिरा-पुरी, संध्याकाळी पुन्हा भरलेलं ताट. खुराक पैलवानाचा, पण मेहनत मात्र खाटेवर बसायची. रोजच्या पाचशे बैठका सुटल्या. पहिले काही महिने मी चोरून खोलीत जोर काढायचो. मग तेही राहिलं. ते मला कोणी सोडायला लावलं नव्हतं.

हंगामात कापसाच्या बैलगाड्या पार सडकेपर्यंत लागायच्या. कापूस ओला आहे म्हणून मालकाचा माणूस तोलात कपात करायचा आणि एखादा गाडीवाला अडून बसायचा. मग मालक ऑफिसच्या खिडकीतून माझ्याकडे बघायचा. तेवढं पुरे व्हायचं. पहिला गाडीवाला माझ्या वडिलांच्या वयाचा होता. मी त्याला जुवावरून खाली ओढलं आणि कानाखाली मारलं. तो तिथेच बसून राहिला, कानातून रक्त येत होतं, आणि त्याचे बैल आपसूक पुढे सरकले. त्या दुपारी मला शिरा जास्त वाढला गेला. मी तो खाल्ला.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की मालक मला कापसाच्या काट्यावर उभा करायचा. बाहेरचे व्यापारी आलेले असायचे. दांड्यावरचं वजन सरकवत तो माझ्या वजनाचा आकडा मोठ्याने सांगायचा, माझ्या पोटावर थाप मारायचा आणि म्हणायचा, हे सगळं आमच्या घरचं आहे. व्यापारी हसायचे. मीही हसायचो. लोक मला बघून वाट सोडत, आणि मला तो मान वाटायचा.

लग्न झालं तशी बायको कारखान्यामागच्या खोलीत राहायला आली. माझा श्वास झोपेत अडकतो, हे पहिल्यांदा तिला कळलं. मला वहाणेचा अंगठा घालायला वाकता येत नव्हतं, ती घालून द्यायची. एका संध्याकाळी तिने रसोड्यातून आलेलं अर्धं ताट काढून ठेवलं. "मालकाले काय, तो दुसरा आनन," ती म्हणाली. "मले दुसरा कोन आनून देनार हाये?" मी ताट उचलून तिच्या तोंडावर फेकलं. पितळेचं होतं. कपाळ भुवईपर्यंत उघडलं. ती कपाळाला पदर दाबून उभी राहिली, आणि सकाळच्या बसने समुद्रपूरला माहेरी गेली. वर्षभर आली नाही. परत आली ती तिच्या भावांनी समजावून पाठवली म्हणून. माझ्या जेवणाबद्दल मात्र ती पुन्हा एक शब्द बोलली नाही.

कारखान्यात एक फिटर होता. माझ्याच वयाचा. बौद्धपुऱ्यात राहायचा, शिकलेला होता, लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. एका दुपारी सरकी काढायच्या जिनावर काम करणाऱ्या एका रेजेचा, म्हणजे मजूर बाईचा, पदर पट्ट्यात गेला. त्याच्यामागे हात गेला. मशीन बंद होईतो कोपरापर्यंत काही राहिलं नव्हतं. रुईचा ढीग लाल झाला होता आणि मालक ओरडत होता की ती रुई बाजूला काढा. बाई कामावर डुलक्या घेत होती, असं त्याने लिहवून घेतलं. फिटर म्हणाला, पट्ट्याला लोखंडी जाळी लावा, त्याशिवाय आम्ही जिन चालवत नाही. दुसऱ्या दिवशी चाळीसेक माणसं, निम्म्या बाया, फाटकासमोर येऊन बसली.

मालक खिडकीत आला. मी खाटेवरून उठलो.

उठायला वेळ लागला, हे मला आठवतं. तेव्हा मी शंभरच्या पुढे गेलो होतो. फिटर पळू शकला असता. तो उभा राहिला. मी त्याची कॉलर धरली तेव्हा तो हळूच म्हणाला, "मले काऊन मारून राह्यला? तुयाबी हात हायेच ना मशीनजवळ." मी त्याच्या जबड्यावर मारलं. वाळलेली तुरीची काडी मोडावी तसा आवाज आला. तो खाली पडला तरी मी थांबलो नाही. दोनदा लाथ मारली आणि मग माझं सगळं वजन गुडघ्यावर घेऊन त्याच्या छातीवर बसलो. मला धाप लागली होती म्हणून बसलो, हे खरं कारण. बाया माझे केस ओढत होत्या, एकीने माझ्या खांद्याला चावा घेतला. मला काही लागत नव्हतं.

फिटरचा जबडा वाकडाच जुळला. त्याला कामावरून काढलं. त्याने बसस्टँडजवळ सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं आणि मजुरांची युनियन चालवू लागला. भाकर चावता येत नव्हती, दुधात कुस्करून खायचा. तो वाळत गेला आणि मी सुजत गेलो. बाजारात समोर आला तर मी दुसरीकडे बघायचो.

मग आग लागली. ऐन हंगामात, भर दुपारी. कापसातून खडा आला असेल, ठिणगी पडली असेल, जिनाच्या शेडमधून धूर आला आणि क्षणात ज्वाळा. आत एक रेजा अडकली होती, तिची किंकाळी फाटकापर्यंत येत होती. मी धावलो. हे मी स्वतःच्या कौतुकासाठी सांगत नाही, धावलो एवढं खरं. पन्नास पावलांत छाती बंद झाली. पुढच्या पावलाला उजवा गुडघा बाजूला सरकला, आतून काहीतरी तुटलं, आणि मी वाटेतच आडवा झालो. बादल्या घेऊन येणारी माणसं मला वळसा घालून जात होती. एक जण माझ्या हातावर पाय देऊन गेला. गाठी बांधायच्या प्रेसवरच्या दोघांनी ओलं पोतं पांघरून त्या बाईला बाहेर काढलं. तिचे पाय भाजले होते, पण ती वाचली.

मालक आला. रुई जळत होती आणि त्याचा पैलवान मधोमध पडला होता. त्याने बुटाने माझ्या बरगडीत लाथ मारली. मग पोटात. "खाऊन खाऊन डुक्कर झाला साला," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "उठ." तिसरी लाथ आली तेव्हा मी त्याचा पाय धरला आणि पिळला. तो माझ्या अंगावर पडला. मी त्याचा गळा दोन्ही हातांनी दाबला. त्याची जीभ बाहेर आली, डोळे माझ्यापासून वीतभर होते. मला त्याला मारायचंच होतं. चौघांनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

आठवड्याने खोली रिकामी करायची नोटीस आली, आणि तिच्यासोबत कामावरून काढल्याचा कागद. त्यात दोन कारणं होती. मालकावर हात उगारला, आणि स्वतःच्या खादाडपणामुळे शरीर कामाला निरुपयोगी करून घेतलं. मी वाचून दाखवेना, म्हणून बायकोने तो कागद शेजारच्याकडून वाचून घेतला. दुसरं कारण तिने दोनदा वाचायला लावलं.

डॉक्टर म्हणाला, गुडघा एवढं ओझं वाहायला बनलेलाच नव्हता. त्याने विचारलं, एवढं वजन आणलं कुठून. 

मला कागद लिहून देणारा आर्वीत एकच माणूस होता. काठी टेकत मी सायकलच्या दुकानात गेलो. फिटर चाकाचं पंक्चर काढत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, हातातलं काम पूर्ण केलं, मग स्टूल पुढे सरकवलं. सगळं ऐकून घेतलं आणि अर्ज लिहिला. त्यात होतं की खुराक हा नोकरीचाच भाग होता, व्यायाम मालकाच्या हुकमाने बंद झाला, बारा-बारा तास बसवून ठेवलं, आणि अशा शरीरानिशी कामावर असताना गुडघा गेला, म्हणून मालक जबाबदार. मला तो अर्ज वाचून रडू आलं. माझा काही दोष नाही, असं माझ्याबद्दल पहिल्यांदा कोणी लिहिलं होतं.

सुनावणी वर्ध्याला, कामगारांच्या कचेरीत होती. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. मी बोलत सुटलो. म्हटलं, माझं अंग मालकाने केलं, तसे माझे हातही मालकानेच चालवले, तुला मारलं ते मी नव्हेच.  फिटरला बोलायला त्रास व्हायचा, शब्द तिरपे निघायचे.

"पोटाचं मी भांडतो," तो म्हणाला. "हाताचं भांडनार नाई. माया जबड्यावर मालकाचा हात नव्हता पडला."

 मला त्याचा राग आला होता. बसमधून खाली ढकलावं असा राग.

कचेरीत मालकाचा वकील उभा राहिला. त्याने मला विचारलं, जेवताना तुमचे हात कोणी बांधले होते का, तोंडात कोणी घास कोंबला का. मी म्हटलं, नाही, खाल्लं मीच. पण बसवलं त्यांनी, आखाडा बंद केला त्यांनी, आणि काट्यावर चढवून वाढलेलं वजन मिरवलं तेही त्यांनीच. सुनावणी घेणारे साहेब लिहून घेत होते. मग वकिलाने विचारलं, मारहाणीची सवय तुम्हाला आधीपासून आहे ना, की तीही मालकाने लावली? तो हसत होता. मला माहीत होतं, मालकाने लावली म्हटलं तर माझी बाजू बळकट होईल. फिटर माझ्याकडे बघत नव्हता, तो जमिनीकडे बघत होता.

"इशारा त्यायचा होता," मी म्हटलं. "मारलं मी."

तिथे केस अर्धी गेली. आपल्या मर्जीने मारणाऱ्याने मालकावरही मर्जीनेच हात टाकला, असं वकिलाने लगेच मांडलं. निकालात नोकरीवरून काढणं योग्य ठरलं. गुडघ्याची भरपाई मिळाली, कारण तो कामावर असताना मोडला होता. वजनाचं साहेबांनी शांतपणे सांगितलं. मोडलेलं हाड कायद्याला दिसतं, दहा वर्षांत वाढलेलं पोट कोणाच्या नावावर लिहायचं याला कायद्यात जागा नाही. मालक कचेरीच्या पायऱ्या उतरताना माझ्याकडे बघून स्वतःच्या पोटावर थाप मारून गेला.

परतीच्या बसची वाट बघताना मी फिटरची माफी मागितली. तो म्हणाला, "माफी तुयाजवळच ठेव. हात गेलेल्या बाईची केस चार वर्षं पडून हाये. जाळी नव्हती, हे सांगाले कोनी येत नाई. पुढच्या तारखेले येजो."

मी गेलो. साक्ष दिली. पट्ट्याला जाळी नव्हती, जाळी मागायला बसलेल्यांना मी मारलं, हे दोन्ही सांगितलं. बाई समोर बाकावर बसली होती, रिकामी बाही पिन लावून दुमडलेली. ती माझ्याकडे एकटक बघत होती आणि तिच्या नजरेत आभार वगैरे काही नव्हते.

बाहेर बसस्टँडकडे जाताना मालकाच्या दोन माणसांनी मला गाठलं. एकाने काठी हिसकावली आणि त्याच काठीने चांगल्या गुडघ्यावर घातली. मी हात उगारला नाही असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी पडता पडता एकाला खाली ओढला, त्याच्यावर लोळलो आणि त्याचं डोकं सडकेवर आपटलं, एकदा, दोनदा. फिटर धावत आला आणि माझ्या पाठीवर बुक्क्या मारत राहिला. "सोड त्याले," तो ओरडत होता, वाकड्या तोंडाने, "इथं तुले कोनी हुकूम देल्ला?"

मी सोडलं. त्या बाईच्या बाजूने निकाल लागायला आणखी दोन पावसाळे गेले, पण लागला. मी गावी परतलो. बायको माझं जेवण मोजून वाढते, आणि मी मुकाट्याने खातो. वजन बरंच उतरलं. हाताची सवय जायला त्याहून जास्त वर्षं लागली, आणि ती पूर्ण गेली आहे असं मी अजून म्हणत नाही.