विमलची चहाची तुळस

विमलच्या लेकीचा, ज्योतीचा नागपूरहून फोन आला, तेव्हा मी अंगणात बसून तिच्या आईच्याच तुळशीची पानं ओल्या फडक्यानं पुसत होते. "मावशी, आई गेली..." एवढंच बोलली पोरगी. त्या सकाळी पानं पहिल्यांदाच स्वच्छ निघाली होती. संध्याकाळी विमलला सांगायचं म्हणून मी मनात खूश होते. ते सांगायचं राहूनच गेलं... आता महिना होत आला.

विमल म्हणजे कारधा गावातली माझी शेजारीण. दोघींच्या अंगणांमध्ये काट्याचं कुंपण, अन् त्यातही येण्याजाण्यापुरती वाट. माझ्याकडे तुळशीचं वृंदावन, रोजचा दिवा, चिमूटभर साखरेचा नैवेद्य. तिचं घर बौद्धांचं, तुळशीची पूजा नाही. पण रंगाच्या जुन्या बकेटीत तिनं तुळस अशी जोपासली होती, की बघत राहावं. सकाळी दोन पानं चहात, अन् गल्लीत कोणाला खोकला झाला की मूठभर त्याच्या घरी. "तुही देवाची, माही चहाची," म्हणायची अन् हसायची.

उन्हाळ्यात तिची तब्येत बिघडली, लेकीनं नागपूरला नेलं. जाताना बकेट माझ्या वृंदावनाशेजारी आणून ठेवली. "सांभाळ वो सुमन. आल्यावर पहिला चहा हिचाच."

मला वाटलं, तुळशीचं मला काय सांगायचं? पण थोड्याच दिवसांत खोडावर मुंग्यांची रांग लागली. पानं वाकडी, चिकट. राख टाकली, हळद टाकली. मुंग्या वळसा घालून पुन्हा वर. शेवटी तिला फोन केला.

"पान पलटवून पाह्यलं काय? मुंग्या वर दिसते, मावा खाली असते."

पाहिलं तर खाली मावा, ती बारीक चिकट कीड, गच्च बसलेला.

"पण मुंग्या आल्या काहून?" विमलनं विचारलं. "तिथं गोड काय हाय?"

"गोड काय राहणार? सकाळची साखर तेवढी..."

"कोणाले?"

"दोघींले. एकीले द्यायची अन् एकीले नाही, बरं दिसते काय?"

विमल इतकी हसली, की तिला खोकलाच लागला. "काय वो बाई! मले डॉक्टरनं साखर बंद केली, अन् तू माह्या तुळशीले चारून राहिली!"

मग तिनं सांगितलं : साबणाच्या पाण्यानं पानं धू, खराब शेंडे तोड, बकेट पाण्याच्या परातीत ठेव. बाकी सगळं केलं, पण शेंडे तोडायला हात धजेना. तुळशीला नख लावायचं नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. "माही तोड, तिले सवय हाय," ती रोज सांगायची. "तुही तब्येत कशी?" विचारलं, की म्हणायची, "मावा गेला काय, ते सांग पहिले."

अखेर डोळे मिटून शेंडे तोडले, तेव्हाच तुळस सावरली. आधीच तोडले असते, तर मावा गेल्याचं विमलच्या कानावर गेलं असतं... हेच सारखं मनात येतं.

ज्योती घराला कुलूप लावायला आली, तेव्हा म्हणाली, "मावशी, बकेट राहू द्या तुमच्याकडेच." राहिली. आता तुळस बुडापासून दाट फुटली आहे. लोक खोकल्याला पानं मागायला येतात, देते. माझ्या चहात मात्र अजून टाकवत नाहीत. पहिला चहा तिचा होता ना.

सकाळी परातीतलं पाणी बदलते. वृंदावनापुढे साखर ठेवते. मग पदराला बोटं नीट पुसते, एक कणही राहू देत नाही, अन् विमलच्या तुळशीकडे वळते.