ती गोळी

गल्लीत मला चेष्टेनं अर्धी डॉक्टर म्हणायचे. शाळा माझी चौथीपर्यंतच, बाकीचं सगळं औषधांच्या खोक्यातले कागद वाचून वाचून आलेलं. तरी म्हणायचे, आणि मला ते गोड लागायचं, आता कशाला लपवू.

वाघोलीत आमच्या घरामागं तीन खोल्या आहेत, भाड्यानं दिलेल्या. मधल्या खोलीत यवतमाळकडची एक पोर राहायला आली. पोर कसली, दोन मुलींची आई, पण वय ते केवढं! नवरा बांधकामावर. तिला नुकतंच मुलींच्या होस्टेलमध्ये पोळ्या लाटायचं काम लागलं होतं. आयुष्यातली पहिली नोकरी. सकाळी निघायची तेव्हा चालच वेगळी असायची तिची.

एका दुपारी मी लसूण सोलत बसले होते. ती दाराशी येऊन ओढणीचं टोक पिळत उभी राहिली.

"मावशी, ते गोळी आहे का जी तुमच्यापाशी?"

"कुठली गं?"

"ते... बायांची."

आत माझा मुलगा जेवत होता. तिनं आत पाहिलं, मीही पाहिलं आणि कळलं म्हणून मान हलवली. गौरी चार दिवसांवर आल्या होत्या. त्या दिवसांत बायका मागतात ती गोळी एकच, पाळी पुढं ढकलायची. सुनेनं आणून ठेवलेली अख्खी पट्टी कपाटात होती, ती मी हिच्या मुठीत दाबली.

"रोज एक. चुकवू नकोस हं."

ती चक्क माझ्या पाया पडली. पाळीच्या गोळीसाठी कुणी पाया पडतं का? तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. तिला हवी होती ती मूल राहू नये म्हणून घ्यायची. तेवढं तिच्या तोंडून निघालं नाही आणि मी, अर्धी डॉक्टर, विचारलं नाही.

गौरी गेल्यावर ती पुन्हा आली. "पट्टी संपली जी. पाळी नाही आली."

"म्हणजे लागू पडली की!"

"आता अजून घ्यायची?"

"कशाला? असर राहतो थोडे दिवस."

हे मी म्हणाले. मीच. आणि ती बिचारी निर्धास्त झाली.

दिवाळीत माझ्या चकलीच्या तेलाच्या वासानं तिला ओकारी आली. मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिसरा महिना सरत आला होता. "पण मी गोळी घेतली ना जी," ती नर्सबाईंना सांगत राहिली आणि तिनं रुमालात जपून ठेवलेली रिकामी पट्टी काढून दाखवली.

नर्सबाईंनी ती उलटसुलट केली. "ही कुणी दिली तुला?"

पोरीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "मेडिकलातून आणली."

"अगं, ही पूजेची गोळी. हिनं देवाचं भागतं, नवऱ्याचं नाही."

बाकावरच्या बायका हसल्या. मीही हसले. हो, मीही. हसले नसते तर कळलं असतं ना त्यांना.

नवरा म्हणाला, राहू दे, मुलगा असेल. तिला काय वाटतं ते त्यानं विचारलं नाही, मी विचारायला धजले नाही. सातव्या महिन्यात होस्टेलवाल्यांनी दुसरी बाई ठेवली. मुलगीच झाली. माझ्याशी ती एका शब्दानं वाकडं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर आम्ही पुन्हा त्याच दवाखान्यात गेलो. खिडकीपाशी रांग होती, चार-पाच पुरुषही उभे होते. तिचा नंबर आला. ती मोठ्यानं म्हणाली, "मूल राहू नये म्हणून घेतात ते गोळी पाहिजे जी. बाळ अंगावर पिते, त्याले चालंल तेच द्या."

पुरुष वळून पाहायला लागले. तिनं मान खाली घातली नाही. मी घातली. मांडीवरच्या बाळाचं टोपडं उगाच सारखं करत बसले.

आत त्याच नर्सबाई होत्या. पट्टी माझ्या कपाटातली होती, हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं नाही.